मदत हवी आहे : फोल्क्सश्टुर्मची कापडी पट्टी अस्सल आहे का?

फोल्क्सश्टुर्म या जर्मन नागरी सेनेची दंडावर बांधायची एक कापडी पट्टी संग्रहासाठी घेण्याचा विचार असून ती खरोखर युद्धकाळातली आहे का, हे ठरवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. १६ ते ६० वयोगटातील पुरुषांची ही सेना १९४४ च्या शरद ऋतूत उभी राहिली. गणवेश पुरेसे नसल्याने अनेकांच्या साध्या कपड्यांवर ही पट्टीच सैनिकाची खूण ठरली, कारण युद्धासंबंधीच्या १९०७ च्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांना दुरून ओळखता येईल असे ठरावीक चिन्ह हवे होते. पट्ट्या ठिकठिकाणी घाईने तयार झाल्यामुळे रंग, अक्षरे आणि कापड यांत एकसारखेपणा नाही, आणि नकली माल विकणाऱ्यांचे नेमके इथेच फावते.

समोर असलेली पट्टी भरड, पिवळसर कापडाची असून तिच्यावर काळ्या शाईत ‘डॉइचर फोल्क्सश्टुर्म वेरमाख्ट’ (जर्मन फोल्क्सश्टुर्म, सशस्त्र दले) असे छापलेले आहे. शाई मागच्या बाजूला अर्धवट झिरपली आहे आणि कडा हाताने दुमडून शिवल्या आहेत. मात्र अतिनील दिव्याखाली शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकतो, कापड चमकत नाही. अशी चमक आणणारी द्रव्ये युद्धानंतर सर्रास वापरात आली. ती नंतरच्या धुण्यातूनही येऊ शकते, पण मग कापडही चमकायला हवे होते. दोरा वितळतो (म्हणजे कृत्रिम) की जळून राख होतो (म्हणजे सुती), हे विक्रेता पाहू देत नाही. पट्टी आजोबांच्या पेटीत सापडली ही त्याची कथा मी पुरावा मानत नाही.

शिवण नंतर उसवून पुन्हा घातली असल्यास ते जुन्या टाक्यांच्या छिद्रांवरून खात्रीने ओळखता येते का? आणि शाईचे असे झिरपणे कितपत विश्वासार्ह मानावे?