अनुभव धागा: मेल ॲपमध्ये ईमेल जोडताना तुम्ही कुठे अडलात?

परवा बाबांच्या नव्या लॅपटॉपवर थंडरबर्ड हे मेल ॲप टाकलं आणि त्यांचं जीमेल जोडायला बसलो. बाबांच्या जुन्या वहीत सगळी सेटिंग्ज लिहिलेली होती. त्याबरहुकूम भरत गेलो, तर तासभर एकच उत्तर: पासवर्ड चुकीचा. तोच पासवर्ड ब्राउझरमध्ये मात्र चालत होता. घोळ वहीतल्या 'नॉर्मल पासवर्ड' या ओळीत होता. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांत बाहेरच्या ॲपला नेहमीच्या पासवर्डवर आत घेणं बंद करायला सुरुवात केली. तिथे 'ओऑथ२' (ॲपला पासवर्ड न देता गूगलच्याच खिडकीत परवानगी द्यायची पद्धत) निवडलं, गूगलची खिडकी उघडली, बाबांनी परवानगी दिली आणि मेल भराभर उतरू लागले. तोवर बाबा 'मीच विसरलो असेन रे' म्हणत बसले होते, ते मला फार लागलं. म्हणून हा धागा. तुमचे अनुभव जरूर लिहा.

अप्पा बळवंत चौक, लग्नपत्रिकांचं दुकान

पॉप आणि आयमॅप या ॲपमध्ये मेल आणायच्या दोन पद्धती. आमचं त्यांच्यातच चुकलं, आणि ते महागात पडलं. गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर मेलवर पाठवतं. दुकानाच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता काउंटरवरच्या कॉम्प्युटरला पॉपने जोडलेला होता आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण कुणीतरी काढलेली. म्हणजे मेल कॉम्प्युटरवर उतरला की सर्व्हरवरून पुसला जायचा. मोबाइलवर काहीच दिसत नाही, याचं कारण आम्ही कधी शोधलंच नाही. ऐन लग्नसराईत हार्ड डिस्क गेली. एकेकाला फोन करून मजकूर पुन्हा मागवावा लागला. एका मुलीच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने मजकूर लिहून, स्कॅन करून पाठवला होता. कागद घरी जपून ठेवला होता म्हणून निभावलं.

आता आयमॅप आहे, पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) ९९३, एसएसएल (सुरक्षित जोडणी). मेल सर्व्हरवरच राहतो, दुकानात आणि मोबाइलवर तोच दिसतो. पण एकीकडे पुसला की दुसरीकडूनही जातो, तेव्हा आयमॅपला बॅकअप समजू नका. महत्त्वाच्या पत्रिका आम्ही वेगळ्या डिस्कवर ठेवतो.

हडपसर, सोसायटीचा सेक्रेटरी

मेल यायचे, जायचे मात्र नाहीत. सभेची नोटीस दोन दिवस आउटबॉक्समध्ये अडकून. आउटगोइंगला पोर्ट २५ टाकलेलं होतं आणि आमच्या नेटवाल्यांकडे ते बंद. स्पॅम रोखायला बरेच नेटवाले ते बंद ठेवतात. ५८७ आणि स्टार्टटीएलएस (हीही सुरक्षित जोडणीच) केलं, युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता टाकला, नोटीस लगेच गेली. येणारा आणि जाणारा मेल यांची सेटिंग्ज वेगळी असतात, एवढं कुणी आधी सांगायला हवं होतं.

सदाशिव पेठ, निवृत्त शिक्षिका

माझं मेल ॲप जुनं, त्यात ती परवानगीची खिडकी उघडतच नाही. नातीने आधी गूगलच्या खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू केलं, मग ॲप पासवर्ड, म्हणजे फक्त ॲपसाठीचा वेगळा पासवर्ड, काढून दिला. सोळा अक्षरं, चार-चारच्या गटात. ती वाचत होती, मी टाइप करत होते. पहिल्याच वेळी जमलं.

चार महिन्यांनी मी गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला आणि ॲप पुन्हा अडलं. मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात, हे तेव्हा कळलं. नवा काढला, या वेळी माझा मीच. एवढा खटाटोप का, असं शेजारी विचारतात. या ॲपमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं होतं, आणि नेट नसलं तरी उतरलेली पत्रं वाचता येतात. १९८८च्या दहावीतली एक विद्यार्थिनी कॅनडातून दर दिवाळीला लांबलचक मराठी पत्र पाठवते. काल दुपारी नेट गेलं होतं, तेव्हा तिचं मागच्या दिवाळीचं पत्र पुन्हा वाचलं.