बोत्स्वाना: विरोधक जिंकले की सत्ताधारी हरले?

भटक्या: ३० ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत बोत्स्वानाचा सत्ताधारी पक्ष बीडीपी (बोत्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी) आडवा झाला. १९६६ पासून सलग ५८ वर्षं सत्ता, आणि ६१ पैकी उरल्या ४ जागा! ड्युमा बोको यांच्या विरोधी यूडीसी (अम्ब्रेला फॉर डेमोक्रॅटिक चेंज) आघाडीला ३६. हा एका रात्रीतला चमत्कार नव्हे. आघाडीतला मुख्य पक्ष बीएनएफ (बोत्स्वाना नॅशनल फ्रंट), १९६५ चा. १९६९ मध्ये बाथोएन यांनी टोळीप्रमुखपद सोडलं आणि बीएनएफकडून उभं राहून कान्येत खुद्द उपराष्ट्राध्यक्ष मसिरे यांना पाडलं. तिथून रेटा सुरू आहे.

खडूसकाका: आणि पडलेले मसिरे नियुक्त खासदार म्हणून मागच्या दाराने परत आले, उपराष्ट्राध्यक्षच राहिले, पुढे राष्ट्राध्यक्षही झाले. कसला रेटा! १९९४ ला बीएनएफने ४० पैकी १३ जागा घेतल्या होत्या, सत्ता दिसायला लागली होती. १९९८ ला आपसात भांडून १३ पैकी ११ खासदारांनी बीसीपी (बोत्स्वाना काँग्रेस पार्टी) हा वेगळा पक्ष काढला. १९९९ ला दोघांच्या मिळून जागा किती? सात.

भटक्या: त्यातूनच शिकले ना. २०१२ ला छत्री उघडली (यूडीसीच्या नावातच छत्री आहे). २०१४ ला १७ जागा आल्या, तेही मोत्स्वालेडींसारखा आघाडीचा नेता निवडणुकीच्या तीन महिने आधी रस्ता अपघातात गेला असताना. बीडीपीची मतं पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली गेली.

सावली: तरी बीडीपीने ५७ पैकी ३७ जागा नेल्याच, कारण बीसीपी बाहेर होती. आता गंमत बघा: २०२४ लाही बीसीपी छत्रीबाहेरच! यूडीसी साधारण ३७ टक्के, बीडीपी ३०, बीसीपी २१. म्हणजे मतविभागणी होऊनही विरोधक जिंकले. एकजुटीचं श्रेय कशाला द्यायचं? ज्या मतदानपद्धतीने (मतदारसंघात सर्वाधिक मतं घेणारा जिंकतो) बीडीपीला इतकी वर्षं पोसलं, तिनेच ३० टक्के मतांवर चार जागा हातावर टेकवल्या.

खडूसकाका: अगदी. त्यात हिऱ्यांचा बाजार बसलेला, तरुण बेकार. शिवाय बीडीपीच्या संस्थापकांचा मुलगा, माजी राष्ट्राध्यक्ष इयान खामा २०१९ लाच तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मसिसी यांच्याशी भांडून पक्षाबाहेर पडलेला. घर आतून पोखरलं होतं, बोकोंनी फक्त धक्का दिला.

भटक्या: बरं, एकजुटीचा मुद्दा सोडतो. पण छत्री नसती तर चिडलेला मतदार गेला कुठे असता?

सावली: बीसीपीकडे. १५ जागा आहेत की त्यांच्या.