पर्वरीतले नवे घर: गॅरेजला साइड मोटरचे शटर की छताची मोटर?

चिरेबंदी
नमस्कार मंडळी. गोव्यात पर्वरीला घर बांधतोय. प्लास्टर झाले आहे, वायरिंग आणि फरशी बाकी, म्हणून गॅरेजच्या दाराचे आत्ताच ठरवायचे आहे. ओपनिंग ९ फूट रुंद, साडेसात फूट उंच. लिंटेलच्या (दारावरच्या काँक्रीटच्या तुळईच्या) तळापासून वर स्लॅबपर्यंत १४ इंच. भिंती चिऱ्याच्या, दार पश्चिमेला. एक फॅब्रिकेटर रोलिंग शटर आणि ५०० किलोची साइड मोटर सांगतो. दुसरा सेक्शनल दार (आडव्या फळ्यांचे, वर सरकून छताखाली जाणारे) आणि छताला ६०० न्यूटनची मोटर. यांची तुलना कशी करायची? वीज वरचेवर जाते, घरात इन्व्हर्टर आहे.

मोजपट्टी
या दोन आकड्यांची तुलना होत नाही. ६०० न्यूटन म्हणजे जेमतेम ६० किलोची ओढ, आणि तरीही ती पुरते. सेक्शनल दाराचे वजन मोटर उचलत नाही, टॉर्शन स्प्रिंग (दाराच्या वर पिळून बसवलेली स्प्रिंग) उचलते. मोटर फक्त ढकलते. साइड मोटरच्या शटरमध्ये स्प्रिंग नसते, सगळे वजन मोटरीवरच येते.

तुमचे ओपनिंग सुमारे ६.३ चौरस मीटर. १८ गेज जाडीच्या पट्ट्या चौरस मीटरला साधारण १३ किलो धरा, म्हणजे शटरचा पडदा ८० किलोच्या आसपास, शिवाय तळाच्या पट्टीचे वजन. ३०० किलोची मोटर भरपूर झाली, ५०० ची गरज नाही.

खरी अडचण त्या १४ इंचांची आहे. साडेसात फुटी शटरची गुंडाळी १५-१६ इंचांची होते, ती आतून बसणार नाही. बाहेरून लावली तर पावसात उघडी पडते, वर पत्र्याची पेटी आणि पन्हळ लागते. सेक्शनल दाराला कमी उंचीचा दुहेरी ट्रॅक मिळतो, तो १४ इंचांत मोटरीसकट बसतो. मात्र दारापासून आत साडेदहा ते अकरा फूट छत मोकळे हवे. मध्ये बीम लटकतो का, पंख्याचा हुक कुठे आहे, हे आज टेप लावून बघा. आणि मोटरीची रेल बहुतेक वेळा ७ फुटी दाराची येते, तुम्हाला लांब रेल मागावी लागेल.

फेजन्यूट्रल
वायरिंग बाकी आहे हे बरे झाले. छतावर मोटरीच्या जागी वेगळा सॉकेट, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). सेन्सरच्या (दाराखाली कोणी असल्यास ते ओळखणाऱ्या) तारा वेगळ्या पाइपातून न्या. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक झटका रोखणारा) बसवून घ्या, मे आणि ऑक्टोबरच्या विजांत सर्वांत आधी मोटरीचा कंट्रोल बोर्ड जातो.

मोटर २४ व्होल्ट डीसीची घ्या. सुरू होताना आणि थांबताना वेग कमी करते, बॅटरी बॅकअप जोडता येतो. एसी मोटर सुरू होताना नेहमीच्या चालण्याच्या कितीतरी पट करंट ओढते. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा नसेल तर ती तापते आणि गुणगुणते. रिमोट रोलिंग कोडचाच (दर वेळी कोड बदलणारा) घ्या. जुन्या डिप स्विचवाल्या (कायम एकच कोड असलेल्या) रिमोटची नक्कल बाजारात सहज करून मिळते.

आणि वायरच्या पाइपाची दोन्ही तोंडे सिलिकॉनने बंद करा. पावसाळ्यात मुंग्या कोरडी जागा शोधत बोर्डाच्या रिलेत (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचात) शिरतात, संपर्क चिकटतात आणि दार आपोआप सुरू होते किंवा थांबत नाही.

खाडीकाठ
स्प्रिंगकडे दुर्लक्ष करू नका. साधी टॉर्शन स्प्रिंग १० हजार फेऱ्यांची असते. दिवसाला चार वेळा उघड-बंद केले तर वर्षाला १४६०, म्हणजे सात वर्षांच्या आत आयुष्य संपते. खाऱ्या हवेत गंजाचे खड्डे पडले की त्याआधीच तुटते. २५ हजार फेऱ्यांची मागा, भाव थोडा वाढेल. दर तीन महिन्यांनी तेलाचा हात फिरवा. तिचे बोल्ट मात्र स्वतः कधीच सैल करू नका, ताण हात मोडण्याएवढा असतो.

दार ताब्यात घेताना मोटरीची लाल दोरी ओढून दार मोटरीपासून सोडवा आणि दार हाताने अर्ध्यावर न्या. तिथेच थांबले तर तोल बरोबर. खाली आले तर स्प्रिंग कमी आहे, अशा वेळी मोटरीची ताकद वाढवणे चुकीचे. मग दाराखाली दीड इंच जाडीचे लाकूड आडवे ठेवून दार बंद करा. लाकडाला टेकताच ते उलटे फिरायला हवे.

सेन्सर जमिनीपासून ६ इंचांच्या वर नकोत. अमेरिकेत ते १९९३ पासून सक्तीचे आहेत, लहान मुले दाराखाली सापडत असल्यामुळे. तुमचे दार पश्चिमेला आहे, म्हणून रिसीव्हर (सेन्सरचा किरण घेणारा भाग) अशा बाजूला लावा जिथे संध्याकाळचे ऊन त्याच्या काचेवर पडणार नाही. नाहीतर पाच वाजता दार बंदच होणार नाही.

चिरेबंदी
देव बरे करो. टेप लावला, बीम १२ फुटांवर आहे. ट्रॅकचे ब्रॅकेट थेट चिऱ्यात अँकर ठोकून चालतील का?

मोजपट्टी
नाही. चिरा सच्छिद्र, एक्सपान्शन अँकर (भोकात फुगून पकडणारा बोल्ट) फुगला की आतून भुगा होतो आणि बोल्ट महिन्या-दोन महिन्यांत हलू लागतो. स्प्रिंगचा मधला ब्रॅकेट लिंटेलच्या काँक्रीटमध्येच यायला हवा. बाजूच्या ट्रॅकसाठी चिऱ्याच्या आरपार बोल्ट घेऊन मागे ६ मिमीची प्लेट द्या, किंवा दाराच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचा पट्टा ओतून घ्या. बोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा ३१६ स्टेनलेसचे घ्या. फरशी टाकताना दाराच्या रेषेपासून बाहेर उतार द्यायला गवंड्याला आजच सांगून ठेवा.