मंडळीत नाव असणं आणि मंडळीत असणं

मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाचा, उपयोग काय, असं विचारलं की लोक साक्ष द्यायला, म्हणजे आपल्याला आलेला देवाचा अनुभव सांगायला, उभे राहतात. इथे साक्ष नको. भेटीगाठी, मदतनिधी, नोंदवही ही कामं ज्यांच्या हातून जातात त्यांनी ती कशी चालतात आणि कुठे बिघडतात, तेवढं लिहावं.

*

उपासनेतली रिकामी जागा कुणाच्या तरी नजरेत आली पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. हे पाळकांवर (पाद्रींवर) सोपवू नका; एकटा माणूस किती घरं लक्षात ठेवणार? आठ-दहा घरांमागे एकजण नेमावा. लागोपाठ दोन रविवार कुणी दिसलं नाही तर सोमवारी फोन, तिसरा रविवार चुकला तर घरी. "का आला नाहीत?" म्हटलं की शाळेची हजेरी होते. "बरे आहात ना?" एवढं पुरतं. ऑनलाइन उपासनेवाले या जाळ्यातून निसटतात. ते आपल्याला बघतात, आपण त्यांना बघत नाही.

*

आजाऱ्याची भेट: दोघांनी जावं, आधी कळवून, पंधरा-वीस मिनिटं. पलंगावर बसू नये, औषधांचे सल्ले देऊ नयेत. कशासाठी प्रार्थना करू, हे विचारून घ्यावं. पुष्कळदा आजार बाजूला राहतो आणि मुलाच्या नोकरीची काळजी बाहेर येते. वाचायला बायबलमधलं स्तोत्र 23 किंवा 121, दोन्ही लहान. दुखण्याचं नाव प्रार्थनेच्या यादीत घालण्याआधी परवानगी घ्या.

आणि "कुणी फिरकलंच नाही" म्हणणाऱ्यांसाठी: बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (5:14) मंडळीच्या वडीलजनांना बोलावून घ्यायचं आजाऱ्यानेच आहे. कळवलंच नाही तर कळणार कसं?

*

वर लिहिणाऱ्याशी सहमत. पण दुःखाच्या घरी बोलावण्याची वाट बघू नका. पहिले तीन दिवस घर भरलेलं असतं. अडतं ते दीड महिन्याने, कागदपत्रांपाशी, आणि मग पहिल्या नाताळाला. मृत्यूची नोंद करतानाच सहा आठवड्यांनंतरची तारीख पुढे लिहून ठेवावी. जेवण पोचवण्याच्या पाळ्या एकाच व्यक्तीने लावाव्यात, नाहीतर एका दिवशी पाच घरचं जेवण येतं आणि पुढचे चार दिवस कुणाचंच नाही.

*

पैशांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 6: ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत सुटत होत्या, कुरकुर झाली, मग सात माणसं नेमली गेली. म्हणजे तक्रार पहिल्या मंडळीतही होती आणि तिच्यावरचा उपाय उपदेश नव्हता, व्यवस्था होती. दानार्पण उपासना संपताच दोघांनी मोजावं, दोघे एकाच घरातले नकोत, दोघांच्या सह्या. मदतीचा निर्णय तिघांनी मिळून घ्यावा. जाहीर हिशेबात रक्कम दाखवावी, नाव नाही. शाळेची फी असेल तर परस्पर शाळेत भरा. पाळक एकटेच खिशातून वाटायला लागले की हिशेब राहत नाही, आणि घेणाऱ्याची मान कायमची खाली जाते.

*

भांडणं होणारच. बायबलमध्ये मत्तय 18:15-17 मधला क्रम सरळ आहे: आधी एकट्याने एकट्याशी, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. बिघडतं कारण पहिली पायरी कुणालाच नको असते. "तिच्यासाठी प्रार्थना करा हं" म्हणत गोष्ट चार घरी पोचते आणि जिची आहे तिला शेवटी कळते. मात्र मारहाण किंवा लहान मुलांशी गैरवर्तन असेल तर हा क्रम लावूच नका. थेट पोलिसांत.

*

नव्याने येणाऱ्यांना: एका रविवारावर मत बनवू नका, सहा-आठ तरी जाऊन बघा. उपासनेत ओळखी होत नाहीत. खुर्च्या लावताना, गायनाच्या सरावाला, घरच्या प्रार्थनासभेत होतात. छोटंसं काम स्वतःहून मागा.

दुसऱ्या गावी जाताना जुन्या मंडळीचं पत्र घेऊन जा. ही पद्धत नवी नाही, प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात (रोमकरांस 16:1-2) फिबी या दुसऱ्या मंडळीतल्या बाईची शिफारस अशीच केली आहे. पत्र निघण्यापूर्वी मागा, नंतर पाळक बदललेले असतात. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रतही सोबत असू द्या. जुनी नोंदवही कुठल्या कपाटात आहे, हे सांगणारा माणूस दरवेळी सापडतोच असं नाही.