लाकडी स्लॉट कार ट्रॅक: पलीकडच्या टोकाला गाडी मरगळते, ब्रेकही धड लागत नाही

मधली_लेन
स्लॉट कार, म्हणजे खाचेतून विजेवर पळणाऱ्या छोट्या गाड्या, त्यांचा १:३२ स्केलचा दोन लेनचा ट्रॅक केलाय. १२ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड), राउटर म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनने पाडलेली ३ मिमी रुंद व ८ मिमी खोल खाच, तिच्या दोन्ही कडांना ६ मिमीची तांब्याची टेप. एक लेन साधारण १४ मीटर. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), वेगासाठी हातात धरायचे, ट्रिगरवाले, तीन वायरींचे कंट्रोलर.
स्टार्टजवळ गाडी झकास पळते. पलीकडच्या सरळ पट्ट्यात मात्र जीव गेल्यासारखी होते, आणि तिथल्या यू-वळणावर ट्रिगर सोडला तरी वेळेत थांबत नाही, सरळ बाहेर. मल्टीमीटर सगळीकडे १२ व्होल्ट दाखवतो. १५ व्होल्टचा सप्लाय घेऊ का? आणि वळणासाठी गाडीखाली जास्त ताकदीचं चुंबक लावलं तर?

कोरडा_सांधा
सप्लायला हात लावू नका. व्होल्टेज वाढवलंत तर स्टार्टजवळ गाडी उडेल, पलीकडचं दुखणं तसंच राहील.
मीटर बरोबरच सांगतोय. पण ट्रॅकवर गाडी नसताना करंटच वाहत नाही, मग व्होल्टेज पडणार कसं? लोड देऊन मोजा. बाइकच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब घ्या, त्याच्या वायरी यू-वळणापाशी दोन्ही टेपवर दाबा, ट्रिगर कुणाला तरी पूर्ण दाबून धरायला सांगा आणि तिथेच मोजा. टेप ०.०३५ मिमी जाड असेल तर ६ मिमी रुंदीला मीटरमागे ०.०८ ओहम धरा. लूप अखंड असेल तर करंट दोन्ही बाजूंनी येतो आणि घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते. एक व्होल्टच्या वर गेली की सांध्यावर संशय घ्या. टेपवर टेप नुसती चिकटवली असेल, तर मधला गोंदच आडवा येतो. ‘कंडक्टिव्ह गोंद’ म्हणून विकतात त्या टेपवरही मी भिस्त ठेवणार नाही.
सांधा पकडायला बल्ब पेटता ठेवा आणि मीटरची दोन्ही टोकं एकाच टेपवर, सांध्याच्या अलीकडे-पलीकडे लावा. चांगल्या सांध्यावर दोन-चार मिलिव्होल्ट. ०.२ व्होल्ट दिसले तरी तो सांधा बाद.
ब्रेकचंही मूळ हेच. ट्रिगर सोडला की कंट्रोलर दोन्ही टेप आपसात जोडतो, मोटर जनरेटर होऊन स्वतःलाच रोखते. तो करंट त्याच टेपमधून फिरतो, त्यामुळे सांधा खराब असला की ब्रेक बोथट.

रबर_घासा
चुंबकाचे पैसे वाचवा. प्लॅस्टिक ट्रॅकच्या पट्ट्या लोखंडी असतात म्हणून तिथे ते धरतं. तांब्याला चुंबक ओढतच नाही. आहे तेही काढा. त्याऐवजी टायरवाल्याकडची ५ ग्रॅमची चिकटवायची वजनं आणून एक गाइडच्या (गाडीखालची खाचेत फिरणारी पट्टी) मागे, मधोमध, जितकं खाली बसेल तितकं खाली लावा. बॉडीचे स्क्रू अर्धा ते एक फेरा सैल करा.
खरं काम मागच्या टायरचं. रिमला सुपरग्लूने चिकटवा, वाळू द्या. मग ट्रॅकवर २२० नंबरचा पॉलिश पेपर टेपने चिकटवा, मागची चाकं त्यावर हलकेच टेकवून मोटर ४-५ व्होल्टवर फिरवा. टायरभर सारखा मॅट रंग आला की ४०० वर शेवट. दाबून धरलंत तर रबर तापून फाटतं. सिलिकॉनचे टायर असे घासले जात नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि धूळ! दर रेसआधी मास्किंग टेपच्या चिकट बाजूवर टायर फिरवा.

मधली_लेन
बल्ब लावून १०.४ व्होल्ट आले. बाहेरच्या टेपवर वळणाच्या दोन्ही अंगांना एकेक सांधा, १.० आणि ०.९. सोल्डर करायला गेलो की टेप सुटून वर येते, काय करू?

कोरडा_सांधा
सापडले की! सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असेल तर ती फार वेळ टेकवावी लागते आणि तेवढ्यात गोंद वितळतो. ६० वॅटची घ्या, टीप रुंद. टेप इरेझरने चकचकीत करा, फ्लक्स लावा, दोन्ही टोकांना आधी वेगवेगळं टिन (सोल्डरचा पातळ थर) चढवा, मग दोन सेकंदांत जोडा आणि थंड होईतो आइसक्रीमच्या काडीने दाबून ठेवा. उंचवटा राहिला तर कानशीने उतरवा, नाहीतर गाडीची ब्रेड (टेपवर घासून करंट घेणारी तारांची विणलेली पट्टी) तिथेच उसवते.
शिवाय दर ३-४ मीटरला बोर्डाखालून १.५ स्क्वेअर मिमीच्या वायरीने दोन्ही टेपना फीड (करंटची जादा जोडणी) द्या. हे फीड कंट्रोलरनंतरच्या, त्याच लेनच्या वायरीवरून काढायचे. थेट सप्लायवरून काढलेत तर कंट्रोलर वगळला जाऊन गाडी फुल स्पीडने सुटेल आणि ट्रिगर सोडताच सप्लाय शॉर्ट होईल. जोडण्याआधी सप्लाय बंद करून, कंट्रोलर आणि गाड्या काढून, दोन टेपमध्ये मीटरच्या बीपवाल्या सेटिंगवर कंटिन्युइटी (आपसात जोडलेल्या आहेत का ते) तपासा. बीप आला तर कुठेतरी वायरींचं डावं-उजवं झालंय.

रबर_घासा
बोर्ड उलटा केलाच आहे तर खालच्या बाजूला आणि कडांना सँडिंग सीलरचे दोन हात मारून घ्या. पावसाळ्यात उघडं एमडीएफ फुगतं, खाच आवळते आणि गाइड अडकायला लागतो.