नको ते फोटो उघडायच्या आधीच अडवता येतात का?

खानापूर_पॅसेंजर:
मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत बिलिंगला आहे, खानापूरहून रोज बसनं ये-जा. मंगळवारी बस मच्छेजवळ असताना डेटिंग ॲपवर मेसेज आला. उघडला, तर स्क्रीनभर... समजून घ्या. शेजारी गल्लीतल्या काकू, मांडीवर मेथीची पिशवी. मोबाईल पर्समध्ये कोंबला आणि स्टॉप येईस्तोवर खिडकीबाहेर बघत बसले.

तीन दिवस नीट बोलत होता हो! कुंदा, आपली बेळगावची मिठाई, कुठल्या दुकानातला चांगला यावरून भांडलासुद्धा.

ब्लॉक केलं. पण ब्लॉक म्हणजे बघून झाल्यावरचं. सगळे फोटो बंद करणारं सेटिंगही नको, कुणी राजहंसगडावरचा पाठवला तर मला बघायचाय. नेमकं ते तेवढं अडवता येतं का?

निपाणीकर:
येतं ताई. बंबल या डेटिंग ॲपनं 2019 मध्येच आणलं. नग्न फोटो ओळखून धूसर करतं. बघायचा, ब्लॉक करायचा की तक्रार करायची ते तुम्ही ठरवायचं. 2022 मध्ये त्यांनी तो कोडही सगळ्यांसाठी खुला केला, म्हणजे बाकीच्यांना 'जमत नाही' म्हणायला तोंड नाही. इन्स्टाग्रामच्या मेसेजमध्येही तशी सोय आहे, पण अठरा वर्षांवरच्यांनी सेटिंगमध्ये जाऊन बघावं, चालू असेलच असं नाही. 'इथं नको, व्हॉट्सॲपवर ये' म्हणणाऱ्याला आधी थांबवा. ॲपचा पहारा ॲपपुरताच.

चिक्कोडीची_अक्का:
अगं, ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढलास की नाही? प्रोफाइलसकट, तारीख-वेळ दिसेल असा. बाईला तिच्या इच्छेविरुद्ध अश्लील काही दाखवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 75 मध्ये येतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आयटी कायद्याचं 67 वेगळंच. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते, नाहीतर सीईएन, म्हणजे सायबर गुन्हे बघणारं पोलीस ठाणं आहे. 'घरी कळेल' म्हणून गप्प बसू नकोस.

रविवारपेठ:
फोटो बघायचे नसतील तर अशा ॲपवर जायचंच कशाला?

खानापूर_पॅसेंजर:
@रविवारपेठ बाजारात गेलं म्हणून कुणीही पिशवीत काहीही टाकावं का?
@निपाणीकर सेटिंग शोधते. पण ते शोधायला लागूच नये, आधीपासून चालू असावं. ज्याला हवंय त्यानं बंद करावं की.
@अक्का नाही ना काढला. रागात ब्लॉकबरोबर अनमॅचही केलं, म्हणजे जोडीच तोडली, आता चॅटच दिसत नाही. फोटो गेला ते बरं, पुरावापण गेला. कुंद्याचं भांडणही गेलं, ते मीच जिंकत होते.