मदत हवी आहे: कोड तोच, तरी दोन यंत्रांवरच्या बायनरीचे हॅश जुळत नाहीत

कातळफूल: ग्राहकाला आज संध्याकाळपर्यंत बायनरी (कोडपासून बनलेली, चालवता येणारी फाइल) आणि तिचा शा-२५६ हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा) द्यायचा आहे. लॅपटॉपवर आणि बिल्ड सर्व्हरवर गिटचा एकच कमिट (कोडची जतन केलेली नोंद) आहे, कंपायलरची (कोडपासून बायनरी बनवणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्तीही एकच आहे, तरी हॅश वेगळे येतात. स्ट्रिप करूनही (बायनरीतली जास्तीची माहिती काढूनही) तेच होते. कृपया कारण लवकर सांगावे.

जुना_टर्मिनल: भाषा कोणती, कंपायलर कोणता, कोड दोन्हीकडे एकाच पाथवर (फोल्डरच्या पत्त्यावर) आहे का, यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

कातळफूल: भाषा सी, कंपायलर जीसीसी १२, सिस्टिम डेबियन लिनक्स. पाथ अर्थातच वेगळे आहेत, पण त्याचा काय संबंध? स्ट्रिपपूर्वी फाइलींच्या आकारातही किंचित फरक होता.

समईवात: एमडी५ ही जुनी हॅश पद्धत आता सुरक्षित मानत नाहीत, त्यामुळे आपण शा-२५६ निवडलेत हे उत्तम.

डबेबंद: सरळ डॉकर (प्रत्येक यंत्रावर एकसारखे बंदिस्त वातावरण देणारे साधन) वापरावे. आमच्याकडे सगळे बिल्ड त्यातच होतात आणि असले प्रश्नच उद्भवत नाहीत.

जुना_टर्मिनल: डॉकरने पाथ सारखा होईल, घड्याळ होणार नाही. बायनरी तंतोतंत तशीच येते का हे पाहण्याच्या चाचणीत डेबियनचे लोक तर वेळ, टाइमझोन आणि लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मुद्दाम बदलून दुसरा बिल्ड करतात. इथे आकारातला फरक बोलका आहे: जीसीसीचा तारखेचा मॅक्रो (कंपाइल करतानाची तारीख बायनरीत भरणारा शब्द) नेहमी ११ अक्षरांचा आणि वेळेचा ८ अक्षरांचा असतो, म्हणून त्यांच्यामुळे आकार बदलत नाही, डीबग माहितीत (चुका शोधण्यासाठी ठेवलेल्या माहितीत) लिहिल्या जाणाऱ्या पाथमुळे मात्र बदलतो. स्ट्रिपने ती माहिती जाते, पण लिंक करताना तिच्यासकट सगळ्या मजकुरावरून काढलेला बिल्ड-आयडी (बायनरीचा ओळखक्रमांक) फाइलीत तसाच राहतो. जीसीसीला फाइल-प्रीफिक्स-मॅप हा पर्याय देऊन दोन्हीकडचा पाथ एकच करावा.

डबेबंद: एवढे पर्याय लक्षात ठेवण्यापेक्षा डॉकरची एक इमेज (तयार वातावरणाची प्रत) सांभाळणे सोपे, असे माझे मत अजूनही आहे.

कातळफूल: पर्याय दिल्यावर आकार जुळला, हॅश नाही. डिफोस्कोपमध्ये (दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या साधनात) आता बिल्ड-आयडी आणि आवृत्ती छापणाऱ्या ओळीतली वेळ, एवढेच वेगळे दिसते.

जुना_टर्मिनल: म्हणजे वेळेचा मॅक्रो आहेच. घड्याळाऐवजी कोणती वेळ वापरायची हे सांगणारे सोर्स-डेट-इपॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेले मूल्य) जीसीसी ७ पासून मानते; मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलीत) त्याला कमिटची वेळ देऊन ते एक्सपोर्ट करावे. फक्त सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेत, तर लॅपटॉपवर घड्याळाचीच वेळ येत राहील. वेळ जुळली की बिल्ड-आयडीही आपोआप जुळेल.